अर्जदार हजर आहे?

१

कोर्टात हाक मारायची असते, ओरडायचं नसतं. ओरडणं बाजारात. हाक अशी हवी की व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बाकावर पेंगणाऱ्या माणसाला वाटावं, कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मी चोपदार म्हणून लागलो तेव्हा माझ्या वरच्या चोपदाराने एवढंच शिकवलं आणि तो पेन्शनीत निघून गेला. बाकी काम सोपं आहे. दाराबाहेर यायचं, छाती भरून घ्यायची, तीनदा पुकारायचं. मग आत जाऊन थोरल्या साहेबांना सांगायचं, हजर किंवा गैरहजर. तिसरं उत्तर नाही. मी सांगेन ते नोंदीत जातं, कारण न्यायमूर्ती काही खुर्ची सोडून दाराबाहेर डोकवायला येत नाहीत.

कचेरीत मला भोंगा म्हणतात. लढाई सुरू झाली आणि गावात छपराछपरावर खरे भोंगे बसले, तेव्हा कारकून मंडळींना फारच चेव आला. "चोपदार, जपून शिंका हं, लोक तळघरात पळतील." मीही हसायचो. तेव्हा हसू यायचं.

मग पल्याडच्यांना नेलं. पल्याडचे म्हणजे ज्यांचे आजे-पणजे कधीकाळी सरहद्दीच्या पलीकडून पोटापाण्याला इकडे आले ते. त्यांची नातवंडं इथंच जन्मली, इथंच शिकली, इथल्याच शाळेत देशावर निबंध लिहून बक्षिसं घेऊन गेली. पण लढाई त्या पलीकडच्या देशाशी जुंपली, आणि काल ज्यांच्या दुकानातून आपण उधार आणत होतो ते आज हेर झाले. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या सूतगिरणीत सगळ्यांना कोंबलं आणि तिला नाव दिलं सुरक्षा वसाहत. नाव ठेवण्यात सरकारचा हात कुणी धरणार नाही.

तिथून एका शिक्षिकेने अर्ज केला. ह्या बाईंनी माझ्या मुलाला नागरिकशास्त्र शिकवलं होतं. राज्यघटनेत लिहिलंय की आरोप आणि चौकशी असल्याशिवाय कुणालाही डांबता येणार नाही. बाईंनी अर्जात तेवढंच विचारलं. माझ्यावर आरोप काय, आणि चौकशी कधी? माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या सगळ्यांसाठी विचारते आहे, असंही त्यात होतं.

सरकारी वकिलाने पहिल्याच दिवशी हुकूम मिळवला की देशाच्या सुरक्षेसाठी पल्याडच्या माणसांची नावं भर कोर्टात उच्चारायची नाहीत. म्हणून मी बाईंना नावाने बोलवू शकत नव्हतो. नुसतं पुकारायचो, "अर्जदार हजर आहे?"

आता माझं घोडं कुठे अडलं होतं तेही सांगून टाकतो. माझी सून पल्याडची आहे. थोरल्या साहेबांनी अर्ज दाखल करून घेताना एक मेहरबानी केली होती. निकाल लागेपर्यंत इकडच्या घरांत दिलेल्या पल्याडच्या लेकीसुनांना हात लावायचा नाही. म्हणजे अर्ज जिता तर सून घरात. अर्ज पडला की वसाहतीची गाडी दारात. आणि अर्जदार तारखेला गैरहजर राहिला तर अर्ज पडू शकतो. वसाहतवाले बाईंना आणणार नाहीत हे सरकारी वकिलाला पक्कं ठाऊक. थोरले साहेब आणखी एक संधी म्हणत तारीख वाढवायचे, तरी तो दर तारखेला उठून म्हणायचा, "अर्जदाराला यायची इच्छा दिसत नाही, साहेब." बांधून ठेवलेल्या माणसाला म्हणावं, बघा, फिरायला जायची आवडच नाही ह्यांना.

२

थंडी सरता सरता एक तारीख पडली. व्हरांड्यात नेहमीची गर्दी होती. भाडेकरू-मालकांची भांडणं, सोडचिठ्ठ्या, एका गादीवाल्याचा जुना दावा. मी बाहेर आलो आणि पुकारलं.

आमचा व्हरांडा लांब आहे आणि उंच आहे. हाक शेवटच्या जिन्यापर्यंत जाते, तिथल्या भिंतीला लागते आणि परत येते. इतकी वर्षं ऐकतोय, तिची चाल मला पाठ आहे. पहिली हाक गेली, आली. दुसरी गेली, आली. तिसरी गेली, आणि परत येण्याआधी जिन्याकडून कुणीतरी म्हणालं, "हजर."

आवाज बाईमाणसाचा. मोठा नव्हता. वर्गात हजेरीला मुलं देतात तसा, सरळ आणि थोडा कंटाळलेला.

मी मान वर करून पाहिलं. जिन्यापाशी कुणी नव्हतं. जवळच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याला विचारलं, "आजोबा, आत्ता कोण बोललं?"

"तुम्हीच की," तो म्हणाला. "दुसरं कुणी बोलू देता का तुम्ही?"

मी आत गेलो. खरं तर मला म्हणायचं होतं की साहेब, जरा थांबा. पण जन्मभराची सवय. कानाने हजर ऐकलं की जीभ विचारायला थांबत नाही.

"हजर," मी म्हणालो.

सरकारी वकील अर्धा उठला होता तो तसाच राहिला. बाईंचे वकील, वयाने आणि आशेने दोन्हीकडून वाळलेला माणूस, दाराकडे वळले. थोरल्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुठे आहेत?"

"बाहेर, साहेब. व्हरांड्यात."

आता कुठल्याही न्यायाधीशाने म्हणावं, मग आत घ्या. थोरले साहेब म्हणाले नाहीत. त्यांनी डायरी ओढली आणि पुढची तारीख दिली. आश्चर्य म्हणजे सरकारी वकिलाने एक शब्द काढला नाही. अर्ज जगला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त होता.

३

घरी आलो तर सून कणीक मळत होती. बायको गेल्यापासून घर तीच बघते. आधी टेलिफोन ऑफिसात होती. अख्खं गाव तिचा आवाज ओळखायचं. लढाई लागल्यावर तिला घरी बसवलं, का, तर पल्याडची पोरगी तारेवरून काय काय पल्याड पोचवील. ती म्हणायची, "बाबा, माझ्याकडे पोचवायला आहेच काय? अमक्याच्या सासूला तमकीचा निरोप."

"आज काय झालं?" तिने विचारलं.

"तारीख पडली."

"ते दिसतंच आहे, तुम्ही चपला नीट काढल्यात. बाईंना आणलं होतं?"

"ओ दिली त्यांनी."

तिचे हात थांबले. "म्हणजे दिसल्या? कशा आहेत? वाळल्यात का हो फार?"

"दिसल्या नाहीत. गर्दी होती."

आमचे चिरंजीव वीज कंपनीत तारा जोडायला जातात. ते जेवताना म्हणाले, "बाबा, गर्दीत तुम्हाला दिसलं नाही? तुम्हाला? तुम्ही तर व्हरांड्यात कोण कुणाकडे उसनं मागतंय तेही बघता."

"जेव गप," मी म्हणालो.

सुनेने मला पोळी वाढली आणि भाजीचं भांडं पुढे सरकवलं. शेजारपाजारचे तिच्याशी बोलेनासे झाले होते. खालची म्हातारी तेवढी येऊन बसायची, तीही दार लोटून घेऊन. पोरगी दिवसेंदिवस घरातल्या घरात हळू चालायला लागली होती. मला तिची एवढी काळजी वाटायची की मी तिच्यावर उगाच खेकसायचो.

४

पुढच्या तारखेला आवाज जिन्यापासून नाही, मधल्या खांबापासून आला. त्याच्या पुढच्या तारखेला त्याहून अलीकडून. मी प्रत्येक वेळी आत जाऊन "हजर" म्हणायचो, थोरले साहेब प्रत्येक वेळी तारीख द्यायचे, आणि सून घरात राहायची. ह्यात मी खोटं काय बोलत होतो? ऐकलं ते सांगत होतो.

मी मनाला समजावायचो. व्हरांडा जुना, आवाज कुठून कुठे फिरेल सांगता येत नाही. एखादी पल्याडची बाई लपूनछपून येत असेल आणि बाईंसाठी ओ देऊन सटकत असेल. चांगलंच आहे की. मी स्वतःला असं पटवत होतो, आणि पटतही होतं. फक्त पुकारण्याची वेळ आली की छाती पुरती भरत नसे.

मग ते पुंजके. जिथून आवाज आला असेल तिथे फरशीवर कापसाचे पुंजके पडलेले असायचे, पिंजलेले, मळके. पहिल्यांदा मी तो गादीवाल्याचा प्रताप समजलो. त्याच्या अंगावर नेहमीच कापूस. झाडूवाली वैतागून म्हणाली, "चोपदार, त्या गादीवाल्याला सांगा, अंग झटकून येत जा."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगायला गेलो तेव्हा कळलं की गादीवाल्याचा दावा केव्हाच निकाली निघाला होता. तो कोर्टात फिरकलाच नव्हता. गावात कापूस आणखी कुठे आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गिरणी बंद पडली तरी तिच्या भिंतींत आणि छपरात पिढ्यान्‌पिढ्यांचा कापूस बसलेला आहे.

आवाजही बदलला होता. शब्द तोच, पण त्याच्या आधी आता एक श्वास ऐकू यायचा, लांब, घासत ओढलेला. दमलेलं माणूस लांबून चालत आलं की घेतं तसा.

५

वसाहतीतली एक नर्स स्वतःच्या घरभाड्याच्या दाव्यासाठी कोर्टात आली होती. इकडचीच, पोटासाठी तिथे नोकरीला. दुपारच्या सुट्टीत ती बाकावर डबा उघडून बसली. मी पाणी द्यायच्या निमित्ताने गेलो आणि विचारलं, आमच्या अर्जदार बाई कशा आहेत?

तिने घास खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

"त्या गेल्या. ऐन थंडीत. कापूस छातीत बसतो तिथे, मग खोकला सुटतच नाही." ती आवाज खाली आणून म्हणाली, "कागदावर वसाहतीत कुणीच मरत नाही. वरून तसा हुकूम आहे. मेलं म्हटलं की कशाने मेलं हे आलं, आणि कशाने म्हटलं की वर्तमानपत्रवाले आले."

ऐन थंडीत. माझ्या डोक्यात हिशेब आपोआप लागला. पहिल्यांदा ओ आली तेव्हा थंडी सरत आली होती. सरकारी वकील का गप्प बसतो तेही आता कळलं. त्याला ठाऊक असणार. पण "हजर कशा असतील, त्या तर मेल्या" हे म्हणायची त्याला चोरी. वसाहतीत मरण नाही ना.

"पुरतात कुठे?" मी विचारलं.

"मागच्या आवारात." तिने डब्याचं झाकण लावलं. जेवण तसंच राहिलं होतं. "बाकीचे दिवस काही नसतं हो. पण तुमच्या कोर्टाच्या तारखेला सकाळी तिथली माती उकरलेली सापडते. पहारेकरी म्हणतात, कुत्री."

"कुत्री असतील."

"कुत्री तारीख बघून येतात?" ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघत तिने विचारलं, "तुम्हीच पुकारता ना त्यांना?"

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि निघालो. घरी जाताना मात्र मनात एकच घोळत होतं. गिरणीपासून कोर्ट केवढं लांब. मेलेली बाई, जिवंतपणी जिला कुणी यायला गाडी दिली नाही, ती माझ्या हाकेसरशी मातीतून उठून एवढी वाट तुडवत येते. दर तारखेला थोडी अलीकडे पोचते. आणि मी तिला बोलावतो, कारण माझी सून माझ्या घरात राहावी. बाईंनी माझ्या पोराला शिकवलं, त्याच्यासाठी स्वतःच्या पैशाने पुस्तकं आणली. मला माझीच किळस आली. तरी पुढच्या तारखेला मी पुकारलं, आणि बापाच्या जागी असलेला कुठलाही माणूस पुकारेल.

६

एका सकाळी कोर्ट बसायच्या आधी थोरल्या साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. खिडक्यांना विमानांच्या भीतीने काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे भर दिवसा दिवा लावून बसले होते.

"दार लावा," ते म्हणाले. आणि मग बराच वेळ टाक पुसत राहिले.

"चोपदार, तुम्हाला ते खरंच ऐकू येतं?"

"हो, साहेब."

"मलाही येतं," ते म्हणाले. "दार बंद असतं तरी येतं. मागच्या खेपेला तर घरी जेवायला बसलो होतो तेव्हाही आलं."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी वेडा नव्हतो. मी म्हणालो, "मग साहेब, आत घ्या त्यांना. एकदा ऐकून घ्या. एवढंच तर विचारतायत, आरोप काय आणि चौकशी कधी."

"आत घेतलं तर उत्तर द्यावं लागेल."

"तुमचं कामच ते आहे, साहेब."

बोलून गेलो. दुसरं कुणी असतं तर माझी नोकरी गेली असती. ते नुसते हसले, दुखणाइताला कुणी बरं वाटतंय का विचारल्यावर तो हसतो तसं.

"वरून रोज विचारणा होते," ते म्हणाले. "लढाईत घटना जरा बाजूला ठेवावी लागते म्हणतात. मी उत्तर दिलं नाही, मी फक्त तारखा दिल्या. मला वाटलं, लढाई संपेल आणि प्रश्न आपोआप सुटेल." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही एकदा गैरहजर म्हणा. एकदाच. माझ्या हातून काही होणार नाही मग. नोंदीवरून अर्ज पडेल."

"माझ्या घरात सून आहे, साहेब."

"माहीत आहे मला."

"मग तुमचं पाप तुम्ही लिहा," मी म्हणालो. "माझ्या तोंडून वदवू नका."

त्यांनी टाक खाली ठेवला आणि मला जायला सांगितलं. एवढा शिकलेला माणूस, पण त्या दिवशी मला तो व्हरांड्यातल्या कुठल्याही भेदरलेल्या पक्षकारासारखा वाटला. कीव आली असती, पण कीव करायला माझ्याकडे शिल्लक नव्हती.

७

शेवटच्या तारखेला मी घरातून निघालो तेव्हा सून केस विंचरत होती. "बाबा, लवकर या," एवढंच म्हणाली. मुलगा आधीच तारांच्या कामावर गेला होता.

कोर्टात गर्दी नव्हती. शिपायांनी सकाळीच व्हरांडा मोकळा केला होता, कुणाच्या हुकमाने ते कुणी सांगेना. मी रिकाम्या बाकांकडे बघत पुकारलं, "अर्जदार हजर आहे?"

हाक परत आली नाही. भिंतीपर्यंत पोचलीच नाही. मध्ये काहीतरी भरलेलं असल्यासारखी ती तिथल्या तिथे विरली.

दुसऱ्यांदा पुकारलं. माझ्या हाताच्या अंतरावरून तो श्वास आला आणि बाई म्हणाल्या, "हजर." त्यांच्या मागून एक पुरुष म्हणाला, "हजर." मग एक म्हातारी. मग एक पोर, अगदी लहान. मग सगळीकडून, बाकांवरून, खांबांमागून, जिन्यावरून, एकामागून एक. मी नाव घेतलं नव्हतं. अर्ज सगळ्यांसाठी होता, हाकही सगळ्यांना गेली.

तिसऱ्यांदा पुकारायचं नव्हतं मला. पण नियम तीनचा. माझा आवाज फाटका आला. त्याला एकाच बाईने उत्तर दिलं, जिन्याच्या तळातून, नुकतीच येऊन पोचल्यासारखी. "हजर."

अख्खं गाव तो आवाज ओळखायचं. मी म्हणालो, नाही. ती घरी आहे, केस विंचरते आहे. तिने मघाशीच मला लवकर यायला सांगितलं. एकाच्या आवाजासारखा दुसऱ्याचा असतो. जिन्याकडे न बघता मी आत गेलो.

थोरले साहेब, दोन्ही वकील, टायपिस्ट, सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले होते. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"हजर की गैरहजर?"

"हजर, साहेब. सगळे."

थोरल्या साहेबांनी दोन्ही हात मेजावर टेकले. "दार उघडा," ते म्हणाले.

त्या क्षणी मला तो माणूस आवडला. मला वाटलं, उशिरा का होईना, विचारणार. मी दोन्ही झडपा भिंतीपर्यंत लोटल्या आणि बाजूला झालो.

मी पूर्ण पाहिलं नाही. आधी हवेत तरंगणारा कापूस दिसला, उन्हात, इतका की पलीकडची भिंत दिसेना. आणि त्या कापसात हात. वर केलेले, पंजे आमच्याकडे केलेले, हजेरीला मुलं करतात तसे, लहान-मोठे कितीतरी हात. तळव्यांच्या रेषांत माती भरलेली होती. चेहऱ्यांपर्यंत मी नजर नेली नाही. मागे, जिन्याच्या बाजूला तर नाहीच.

सरकारी वकिलाने चष्मा काढला आणि पुसत बसला. टायपिस्टची बोटं यंत्रावर थबकली होती. थोरले साहेब बघत होते. डोळे मिटले नाहीत, मान फिरवली नाही, हे मी सांगतो. त्यांनी नीट, सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं.

मग म्हणाले, "नोंद करा. अर्जदार गैरहजर."

बाईंचे वकील उठले. "साहेब, समोर उभे आहेत."

"मला कुणी दिसत नाही."

"साहेब, तुम्ही बघताय त्यांच्याकडे."

"अर्ज निकाली काढण्यात येत आहे," थोरले साहेब म्हणाले, आणि टायपिस्टची बोटं चालू लागली. मला म्हणाले, "दार लावून घ्या."

मी लावलं नाही. मी तसाच त्या मोकळ्या व्हरांड्यातून पळत सुटलो. फरशीवर काही नव्हतं. मला कुणी अडवलं नाही, आणि माझ्या अंगाला कुणी लागलंही नाही.

८

घराचं दार सताड उघडं होतं. चुलीवरची भाजी करपून गेली होती. खालची म्हातारी जिन्यात बसून रडत होती.

"तुम्ही कोपऱ्यावरून वळलात न वळलात तोच गाडी आली," ती म्हणाली. "चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत पोरीला."

"सकाळी? निकाल तर आत्ता लागला."

"मी म्हटलं त्यांना, कोर्टात चालू आहे अजून. तर म्हणाले, आजी, निकाल आमच्याकडे आहे."

मुलाला कुणीतरी कळवलं होतं. तो गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन संध्याकाळी परत आला. घामाने निथळत होता, पण डोळ्यांत वेगळीच चमक होती.

"बाबा, गाडी पोचलेलीच नाही," तो म्हणाला. "फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. सकाळी निघाली ती वाटेतच कुठेतरी गेली. त्यांनाही सापडत नाही. म्हणजे ती पळाली असणार. पुलाजवळ गाडी सावकाश चालते, तिथे उडी मारली असेल."

मी खाली बसलो.

"इथंच कुठेतरी लपली असेल ती. अंधार पडायची वाट बघत असेल. बाबा, तुम्ही जिन्यात जाऊन एक हाक मारा. तुमचा आवाज लांबवर जातो. तुमचा आवाज ऐकला की ती येईल."

"नाही," मी म्हणालो.

"का नाही?"

मी त्याला व्हरांड्यातलं सगळं सांगितलं. हात सांगितले, माती सांगितली, शेवटची ओ कुणाची होती ते सांगितलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की त्या बघण्यापेक्षा त्याने मला मारलं असतं तरी चाललं असतं.

"त्या कोर्टाने तुमचं डोकं फिरवलंय," तो म्हणाला. "बायको माझी आहे. तुम्ही नाही मारणार तर मी मारतो."

तो जिन्याच्या कठड्यापाशी गेला. मी धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. पण तो माझा मुलगा आहे, छाती माझीच घेतली आहे त्याने. तोवर तिच्या नावाची हाक पार खालपर्यंत गेली होती.

आम्ही दोघं कठड्यापाशी उभे राहिलो, माझा हात त्याच्या दंडावर. त्याला ओ ऐकायची होती. आणि मी मनातल्या मनात देवाकडे मागत होतो की खालून काही येऊ नये, काहीही येऊ नये, पोरगी कुठल्या तरी पुलाखाली चिखलात भिजत बसलेली असावी आणि तिला ही हाक ऐकूच गेलेली नसावी.

"आले," खालून ती म्हणाली.

तिचाच आवाज. जरा दमलेला, लांबून चालत आल्यासारखा.

मुलाने माझा हात बाजूला केला. दिवसभरात पहिल्यांदा तो हसला. "बघा," तो म्हणाला, "म्हटलं होतं ना मी?" आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला.

त्याला मागे बोलवायला मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. खाली अंधारात तो तिच्याशी बोलत होता. तुझे पाय किती गार पडलेत, असं काहीतरी म्हणत होता.